चार दिवस शटर बंद राहिले तर?

घर निवडताना आणि एकट्याने दुकान चालवताना वडीलधाऱ्यांनी प्रकृतीचा हिशेब कसा मांडावा

वैनगंगेच्या काठच्या एका तालुक्याच्या गावात गेली सत्तावीस वर्षे माझा दवाखाना आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, चारच्या सुमारास, आमच्याच गल्लीतले किराणा दुकानदार दवाखान्यात आले. वय अडुसष्ट, पत्नी निवर्तलेली, मुलगा नागपुरात नोकरीला. समोर दुकान, मागे दोन खोल्यांचे कवेलूचे घर, आणि सारा व्यवहार एकट्याचा. त्यांचा डावा हात निर्जीवपणे लोंबकळत होता. पहाटे सहाला हाताला मुंग्या आल्या, शटर उचलताना हाताने साथ दिली नाही, म्हणून त्यांनी उजव्या हाताने शटर वर ढकलले आणि ते गल्ल्यावर जाऊन बसले. तसे दहा तास बसले. मी विचारले, ‘‘काका, सकाळीच का आला नाहीत?’’ ते म्हणाले, ‘‘बाजाराचा दिवस होता जी. दुकान कोन पाहीन?’’

वाचकहो, त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, आणि ज्या काही तासांत उपचाराचा सर्वाधिक उपयोग झाला असता, ते तास साखर आणि तूरडाळ तोलण्यात गेले होते. त्यांचा रक्तदाब वाढलेला असल्याचे मी त्याआधी वर्षभरापूर्वीच सांगितले होते. गोळ्या महिनाभर घेतल्या. पुढे ‘‘बरे वाटते’’ म्हणून सोडल्या. फेरतपासणीला ते आले नाहीत, कारण माझा दवाखाना आणि त्यांचे दुकान एकाच वेळी उघडत असे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. कोणी सेवानिवृत्तीच्या पैशातून घर घेऊन पुढच्या खोलीत झेरॉक्सचे यंत्र टाकले आहे, कोणी शिलाई चालवते, कोणाची पिठाची चक्की आहे, कोणाचा पानठेला. वय साठीच्या पुढे आणि हाताखाली माणूस नाही. अशा माणसाच्या बाबतीत घर, दुकान आणि प्रकृती या तीन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. एक कोसळली की उरलेल्या दोन तिच्यामागे जातात. म्हणून घर घेण्यापूर्वी, दुकान मांडण्यापूर्वी, किंवा असलेले पुढे चालवताना, मी माझ्या रुग्णांना एकच कसोटी लावायला सांगतो: ‘‘उद्यापासून चार दिवस मी अंथरुणावरून उठू शकलो नाही, तर काय काय अडेल?’’ कागद घ्यावा आणि उत्तरे लिहून काढावीत. जिथे उत्तर ‘कोणी नाही’ असे येते, तिथे दुरुस्ती करावी.

घर पाहताना आधी शरीराला विचारा

घर घेताना आपण भाव पाहतो, दिशा पाहतो, रस्त्याची रुंदी पाहतो. म्हाताऱ्या माणसाने त्याआधी संडास-न्हाणी पाहावी. झोपण्याच्या जागेपासून ती किती पावलांवर आहे, मध्ये पायरी आहे का, रात्रीचा दिवा हाताशी लागतो का, दार बाहेरच्या बाजूला उघडते का? आत उघडणारे दार असले आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच शरीराने दार अडते. हे मी दोनदा पाहिले आहे. भिंतीला हाताशी येणारी पक्की दांडी, खडबडीत फरशी आणि कमोडची सोय यांना फार खर्च येत नाही. मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेपुढे तर तो काहीच नाही.

दुसरा प्रश्न जिन्याचा. आज आपण दोन मजले सहज चढता, हे खरे. परंतु घर वीस वर्षांसाठी घेतले जाते. उद्वाहक नसलेल्या इमारतीतला वरचा मजला स्वस्त मिळतो, त्याचे कारणही तेच. जिन्यावरून खुर्चीत बसवलेला माणूस खाली आणता येतो का, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. रुग्णवाहिका दारापर्यंत येते की चौकातच थांबावी लागते, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

तिसरा प्रश्न उन्हाचा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची नावे मे महिन्यात देशातील सर्वाधिक तापलेल्या शहरांच्या यादीत असतात. पारा ४६-४७ अंशांपर्यंत जाणे आपल्याला नवे नाही. अशा वेळी सर्वांत वरचा मजला, उघड्या स्लॅबखालची खोली आणि पश्चिमेची भिंत दिवसभर ऊन साठवतात आणि रात्री ते परत देतात. तरुण शरीर हे सोसते. वृद्धापकाळात मात्र तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी घटते. म्हणून शक्य असेल तर घर एप्रिल-मेमध्ये, दुपारी तीन वाजता पाहावे. हिवाळ्यात पाहिलेले घर आपली खरी प्रकृती दाखवत नाही. छताला पांढरा चुना, पश्चिमेला झाड किंवा पडदा, समोरासमोरच्या खिडक्या आणि कूलरसाठी जागा, एवढे तरी हवे. कूलर कोरड्या मे महिन्यात उत्तम काम करतो. पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग राहत नाही, हे ध्यानात ठेवावे. कूलरचे पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

चौथा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा. तळमजला म्हाताऱ्या माणसाला सोयीचा, पण नदीकाठी तोच मजला आधी बुडतो. २०२० च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर आणि २०२२ च्या पावसाळ्यात चंद्रपूरमध्ये इरई नदीचे वस्तीत शिरलेले पाणी आपण विसरलेलो नाही. भामरागडच्या लोकांना तर पर्लकोटेच्या पुराने रस्ता तुटणे दरवर्षीचेच झाले आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे नगरपालिकेत विचारावे. आणि शेजारच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण कुठवर आहे, हे शेजाऱ्यांना विचारावे.

कोळसापट्ट्यात आणखी एक चौकशी लागते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली, पण आसपासच्या कित्येक कुटुंबांना घरे सोडावी लागली. तेव्हा खाणीजवळ घर घेताना खाली काय आहे, भिंतींना कसले तडे आहेत आणि धूळ किती येते, हे पाहिलेच पाहिजे. ज्याला दमा आहे किंवा छातीत घरघर होते, त्याने कोळशाची वाहतूक होणाऱ्या रस्त्यालगतचे घर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. बोअरचे पाणी वापरायचे असेल तर ते भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. आपल्या भागात काही ठिकाणी पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते, आणि ते दात व हाडे दोन्हींचे नुकसान करते.

जंगलकडेच्या नव्या वसाहतींबद्दलही सांगणे आवश्यक आहे. हवा चांगली आणि भूखंड मोठा म्हणून कित्येक जण तिकडे वळतात. परंतु पहाटे फिरायला जाणारा, मधुमेहामुळे रात्री तीनदा उठणारा माणूस आणि त्याच परिसरात फिरणारा वाघ-बिबट्या, यांची गाठ पडू नये अशी व्यवस्था घरातच हवी. संडास घराच्या आत असावा, अंगणात उजेड असावा आणि कुंपणाशी झुडपे नसावीत. मोहफुलाच्या हंगामात भल्या पहाटे, अंधारात, एकट्याने जंगलात जाऊन वाकून फुले वेचण्याचा मोह तर सोडाच.

कागद पाहणे हेही प्रकृतीचेच काम

मी वकील नाही. पण घराच्या कागदांच्या काळजीने झोप उडालेले, रक्तदाब वाढलेले लोक माझ्यासमोर बसतात, म्हणून चार गोष्टी सांगतो. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, अकृषक परवानगी, मंजूर नकाशा आणि मालमत्ता कराची पावती पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध घ्यावा. आपल्या भागात विशेष जपण्याची गोष्ट म्हणजे आदिवासी खातेदाराची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ती बिगर-आदिवासी व्यक्तीला परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘‘आधी ताबा घ्या, कागद नंतर होतील’’ असे कोणी म्हटले तर उठून यावे. हा कायदा ज्यांच्या जमिनी पूर्वी कवडीमोलाने गेल्या त्यांच्या रक्षणासाठी आहे, आणि त्याला बगल देऊन घेतलेल्या घरात म्हातारपणी शांत झोप लागत नाही. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीलाही परवानगी लागते. नव्या इमारतीतली सदनिका असेल तर प्रकल्प महारेरामध्ये नोंदलेला आहे का, हे पाहावे.

आणखी एक. घर घेतल्याबरोबर, किंवा आजारपण येताच, ते मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकण्याची घाई करू नये. मुले वाईट असतात असे मला सुचवायचे नाही. परंतु हक्काचे छप्पर आपल्या नावावर आहे, या जाणिवेने म्हाताऱ्या माणसाची मान ताठ राहते, आणि ताठ मानेचा माणूस औषध वेळेवर घेतो, हे मी अनुभवाने सांगतो. मृत्युपत्र करून ठेवावे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ असा स्पष्ट उल्लेख त्यात असावा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, अशी अट घातलेली असून ती पाळली गेली नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात.

गल्ल्यावर बसलेले शरीर

आता दुकानाकडे वळू. एकट्याने चालवलेल्या दुकानाचा पहिला आघात जेवणावर होतो. मधुमेहाची गोळी सकाळी आठला घेतली, जेवायला बसणार तोच गिऱ्हाईक आले, मग दुसरे आले, आणि जेवण दोन वाजेपर्यंत लांबले. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाहीत. हात थरथरणे, घाम फुटणे, हिशेब चुकणे, विनाकारण चिडणे ही साखर घसरल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी आणि पाठोपाठ काही खावे. मधुमेही दुकानदाराने जेवणाची वेळ पाटीवर लिहून टाकावी: ‘एक ते दीड बंद’. गिऱ्हाईक अर्ध्या तासाने परत येते. इन्सुलिन घरी असेल आणि फ्रीज नसेल, तर उन्हाळ्यात कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून पाणी भरलेल्या मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवता येते. पत्र्याच्या दुकानातल्या खणात ती कधीही ठेवू नये.

दुसरा आघात लघवीवर. हे लिहिताना मला विशेषतः शिलाईकाम करणाऱ्या आणि बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या भगिनी आठवतात. जवळ स्वच्छतागृह नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूतखडा आणि उन्हाळ्यात चक्कर येऊन पडणे, हे तिन्ही त्यातून येते. दुकानासाठी गाळा भाड्याने घेताना पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न भाड्याच्या रकमेआधी विचारावा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले नसेल, तर गल्ल्याशेजारी भरलेला तांब्या ठेवावा आणि दर तासाला थोडे पाणी प्यावे. तहानेची वाट पाहू नये.

तिसरा आघात उन्हाचा. पत्र्याच्या ठेल्यात मे महिन्याच्या दुपारी पंखा लावून बसले, तर तो अंगावर गरम वाराच मारतो. अंग ओल्या फडक्याने पुसत राहिल्याशिवाय त्या पंख्याने शरीर थंड होत नाही. बारा ते चार दुकान बंद ठेवणे हाच खरा उपाय आहे, आणि तशीही त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसते. उन्हात बसलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नये.

चौथी गोष्ट आपल्या भागाची खास: खर्रा. एकट्या माणसाचा तो सोबती होऊन बसतो. गिऱ्हाईक नसले की पुडी उघडते. तंबाखू, सुपारी आणि चुना यांचे हे मिश्रण नाडी आणि रक्तदाब वाढवते; तोंडाच्या कर्करोगाशी त्याचे नाते सर्वांना ठाऊक आहे. आरशासमोर तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का, पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन आठवडे न भरलेली जखम असेल, तर या आठवड्यातच तपासून घ्या. गडचिरोली जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ अभियानामार्फत व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांना मदत मिळते.

पाचवा आघात झोपेचा. उधारीची वही उशाशी घेऊन झोपणारा माणूस झोपत नाही. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होतो, झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत रंगतात, आणि साठीतला माणूसही चहा-भज्यांचा ठेला मांडून चार-चार रात्री जागतो. कमाई होते हे खरे. पण जागरणाच्या दिवसांत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा हमखास चुकतात. सलग दोन रात्री जागू नये आणि औषधाची डबी ठेल्यावरच न्यावी, एवढा नियम तरी पाळावा.

सर्वांत मोठा धोका

गडचिरोली जिल्ह्याच्या ग्रामीण भागात माणसे कशाने दगावतात, याचा शोध ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी घेतला होता. २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे त्यांनी तपासली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर पक्षाघात होता. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के, म्हणजे साधारण दर सातांपैकी एक मृत्यू त्याने झाला होता, आणि त्यांतले बहुतेक घरीच झाले होते. जंगलातला जिल्हा म्हटले की लोकांना हिवताप आठवतो. प्रत्यक्षात मेंदूच्या रक्तवाहिनीने जास्त माणसे नेली. हिची सर्वांत मोठी आणि आवरता येणारी जोखीम म्हणजे उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून गोळी सोडली जाते. पाच मिनिटे शांत बसून, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू न घेता मोजलेला दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर उपचार हवेतच. सुरू झालेली गोळी स्वतःहून बंद करू नये. उन्हाळ्यात उठताना अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगावे; मात्रा ते बदलतील.

चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एका हातात किंवा पायात एकाएकी बळ नसणे, बोबडी वळणे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणे, यांपैकी काहीही दिसले की वेळ लिहून ठेवावी: माणूस शेवटचा ठणठणीत केव्हा होता? रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. गावापासून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासही त्याच साडेचार तासांत बसवायचा असतो. म्हणून मालिश, झाडफूक, जिभेखाली रक्तदाबाची गोळी किंवा तोंडाने पाणी, यांपैकी काहीही करू नये. मुंग्या येऊन आपोआप गेल्या, तरी त्याच दिवशी दाखवावे. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

दुसरे हात

आता पुन्हा त्या चार दिवसांच्या कसोटीकडे येऊ. एकट्या माणसाने पुढील व्यवस्था करून ठेवावी.

एक: शटरची दुसरी किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्यावी. सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत शटर उघडले नाही, तर त्याने दार वाजवावे, असे बोलून ठेवावे.

दोन: एका पुठ्ठ्यावर आपले आजार, चालू औषधे, मुलांचे आणि डॉक्टरांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्यामागच्या भिंतीला लावावा. १०८ बरोबरच ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हा क्रमांकही लिहावा.

तीन: उधारीची वही, ठोक व्यापाऱ्याचे देणे आणि विजेचे बिल यांचा हिशेब दुसऱ्या एका माणसाला वाचता येईल असा ठेवावा. ज्याचा हिशेब फक्त डोक्यात असतो, तो आजारी पडायलाही घाबरतो.

चार: आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. हाच दिवस तपासणीचा, नातलगांचा आणि झोपेचा.

पाच: चार दिवसांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि तिला मालासाठी हात लावू नये. सत्तर वर्षे पूर्ण झाली असतील, तर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान कार्ड काढता येते. त्यात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद आहे. ते आजारी पडण्याआधी काढावे.

सांभाळ करणाऱ्या मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना माझी एक विनंती आहे. ‘‘बाबा, आता दुकान बंद करा’’ हे वाक्य फोनवरून सांगू नका. गल्ल्यावर येणारी चार माणसे, त्यांच्याशी होणारे बोलणे आणि संध्याकाळचा हिशेब यांमुळे त्यांची बुद्धी तल्लख आणि मन उभारीत राहते. दुकान एकाएकी बंद झाल्यावर सहा महिन्यांत खचलेली माणसे मी पाहिली आहेत. दुकानाच्या वेळा कमी करा, जड पोती उचलायला तासाभरासाठी एखादा मुलगा ठेवा, उंच फळ्या खाली आणा, बसायला पाठीची खुर्ची द्या. घर घेऊन देताना तुमच्या सोयीपेक्षा त्यांची रोजची वाट पाहा: औषधांचे दुकान, देऊळ, बाजार, ओळखीची माणसे. शहरातल्या सहाव्या मजल्यावर आणून बसवलेल्या आईला उद्वाहक मिळतो, पण बोलायला माणूस मिळत नाही.

आणि वैद्यबुवांचे काय?

इतरांना सांगताना मी स्वतः काय करीत होतो, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मीही एकट्याचाच दुकानदार. माझ्या दवाखान्यालाही सुट्टी नव्हती. त्या किराणा दुकानदारांना पुढे पाठवल्यावर, संध्याकाळी गर्दी सरल्यानंतर, मी पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. १६८/१००. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तेव्हाही तसाच. शेवटचा केव्हा मोजला होता, हे मला आठवेना.

त्याच सुमारास आम्ही घर पाहत होतो. खाली दवाखाना, वर राहणे, अशी एक नवी इमारत मला फार आवडली होती. इसार द्यायचेच बाकी होते. ब्याऐंशी वर्षांची माझी आई ते पाहायला आली, जिन्याच्या पहिल्या पायरीशी कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘घर छान आहे रे. मी खालीच बसते, तुम्ही पाहून या.’’ दुसऱ्यांच्या घरांतले जिने मोजणाऱ्या मला माझ्या आईचा जिना दिसला नव्हता. तो व्यवहार आम्ही सोडला. पुढे गावातच, त्याहून लहान पण बैठे घर घेतले. दवाखान्यापासून पायी सात मिनिटांवर. शेजारच्या तालुक्यातील एका डॉक्टर मित्राशी ठरवले: त्यांच्या सुट्टीत त्यांचे रुग्ण मी पाहायचे आणि माझे त्यांनी. माझा रक्तदाबही तेच पाहतात. गुरुवारी माझा दवाखाना बंद असतो. पहिले दोन महिने लोक कुरकुरले. आता ते बुधवारी येतात.

आमच्या गल्लीतले काका आज एकाहत्तर वर्षांचे आहेत. डाव्या हाताची बोटे अजून पुरती मिटत नाहीत. तराजू गेला, त्या जागी वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा आला; उजव्या हाताने सगळे जमते. दुकान सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. किल्ली समोरच्या शिलाईवाल्या ताईंकडे आहे. गल्ल्यामागे पुठ्ठा टांगला आहे आणि त्यावर सर्वांत वर माझा फोन क्रमांक. बाजाराच्या दिवशी ते अजूनही जास्त वेळ बसू पाहतात. मग बाराच्या ठोक्याला ताईच समोरून हाक मारतात आणि शटर ओढायला येतात.

आपल्या दुकानाची दुसरी किल्ली आज कोणाकडे आहे? कोणाकडेच नसेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी ती देऊन या.